मानसोपचार वॉर्डात हात उगारला जातो तेव्हा: सिस्टर-ब्रदरसाठी पायरीपायरीनं

खानदेशात प्रादेशिक मनोरुग्णालय नाही. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यामुळे चोपड्याचा, शिरपूरचा किंवा धडगावचा बिथरलेला पेशंट आधी पोहोचतो तो जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयात, नाहीतर एखाद्या खासगी नर्सिंग होममध्ये. तिथला मानसोपचार वॉर्ड बहुतेक वेळा साधा वॉर्डच असतो. सुटे लोखंडी स्टूल, एकच दार, रात्रीला एक सिस्टर आणि एक मावशी (आया).

मारहाण झाल्यावर चौकशी होते तेव्हा बहुधा असं दिसतं की प्रत्येक गोष्ट कुणी ना कुणी केली होती, फक्त क्रम चुकला होता. इंजेक्शन आधी आणि बोलणं नंतर. पेशंटला पकडणं आधी आणि मदतीला हाक नंतर. कागद तर दुसऱ्या दिवशी, इन्चार्ज सिस्टर आल्यावर. म्हणून पुढचे टप्पे त्याच क्रमानं वाचा. औषधांचे डोस माहितीसाठी दिले आहेत. ऑर्डर डॉक्टरचीच हवी.

१. घरून निघताना: अंगावर काय ठेवायचं नाही

पेशंटच्या हाताला लागेल अशी प्रत्येक लोंबती वस्तू म्हणजे त्याच्या हातातली दोरी.

ओळखपत्राचा पट्टा ओढल्यावर सुटणारा घ्या. तसा मिळत नसेल तर कार्ड खिशाला क्लिपनं लावा. स्टेथोस्कोप गळ्यात नको, खिशात किंवा ट्रॉलीवर. मंगळसूत्र घालायचं असेल तर कपड्याच्या आत, शक्यतो आखूड. लोंबते कानातले घरी ठेवा. वेणी मोकळी सोडू नका, अंबाडा घालून जाळी लावा. ओढणी घेऊ नका. अ‍ॅप्रनच्या खिशात कात्री, आर्टरी फोर्सेप किंवा फोडलेलं अँप्युल कधीच नको. चप्पल मागून पट्टा असलेली किंवा बूट, कारण फरशी ओली असताना मागे सरकताना सपाता पहिल्या दगा देतात.

गरोदर असाल तर इन्चार्जना तिसऱ्या महिन्याची वाट न पाहता सांगा आणि तीव्र पेशंटच्या खोलीची ड्युटी बदलून लेखी मागा. तोंडी विनंती ड्युटी चार्ट बदलला की विसरली जाते.

२. ओव्हर (आधीच्या पाळीचा चार्ज) घेताना: पाच प्रश्न

"सगळे स्टेबल, सात नंबर थोडा त्रास देतो" ही ओव्हर नव्हे. जाणाऱ्या सिस्टरला पाच गोष्टी विचारल्याशिवाय तिला जाऊ देऊ नका.

गेल्या २४ तासांत कोणी हात उगारला, वस्तू फेकली किंवा धमकी दिली का? कुणाला नवीन औषध सुरू झालं, कुणाचं बंद झालं? कोणाला नकार मिळाला आहे (सुट्टी, बिडी, फोन, नातेवाइकांची भेट)? कोण दारू पिणारा आहे आणि शेवटचा घोट कधी घेतला? आज कोर्ट, पोलीस किंवा घरच्यांच्या भांडणाशी जोडलेला पेशंट कोणता?

चौथा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. दारू थांबल्यावर हात थरथरणं साधारण ६ ते २४ तासांत सुरू होतं, फिट पहिल्या ४८ तासांत येऊ शकते आणि भ्रमासह बिथरणं (डीटी) ४८ ते ९६ तासांत. म्हणजे रविवारच्या लग्नात पिऊन सोमवारी दाखल झालेला, दिवसभर हसतखेळत बसलेला माणूस मंगळवारी रात्री किंवा बुधवारी पलंगावरून उठून खिडकी फोडतो. पोळ्यानंतर, लग्नसराईत आणि निवडणुकीच्या दिवसांत हा हिशेब हमखास लागू पडतो. असा पेशंट ऑर्थो किंवा सर्जरी वॉर्डात पाय मोडून पडलेला असला तर तिथल्या सिस्टरला तो "अचानक वेडा झाला" असं वाटतं. अचानक काही झालेलं नसतं. शेवटच्या घोटाची वेळ केसपेपरवर लिहिलेली नसते, एवढंच.

यानंतर पेशंट हिंसक होण्याचा धोका मोजणारी ब्रोसेट यादी भरा. नॉर्वेत तयार झालेली ही यादी एका पेशंटला एक मिनिट घेते. सहा गोष्टी पाहायच्या: गोंधळलेला, चिडचिडा, दांडगाई करणारा, तोंडी धमकी देणारा, अंगावर जाण्याची धमकी देणारा, वस्तूंवर राग काढणारा. दिसली तर १, नाही तर ०. बेरीज ० असेल तर धोका कमी. १ किंवा २ असेल तर लक्ष वाढवा. ३ किंवा अधिक असेल तर डॉक्टरना तेव्हाच कळवा आणि त्या पेशंटजवळ एकट्यानं जाणं बंद करा. नेहमी मोठ्यानं बोलणाऱ्याला केवळ त्यासाठी गुण देऊ नका. त्याच्या नेहमीच्या वागण्यापेक्षा वाढ दिसली तरच द्या.

*तपासा:* प्रत्येक पाळीला आकडा लिहिला गेला का? १ चे २ आणि २ चे ३ झालेले फक्त ओळीनं पाहिल्यावर कळतात.

३. वॉर्डात एक फेरी, रिकाम्या हातानं

ट्रॉली न घेता फिरा, म्हणजे नजर औषधांकडे नाही तर खोलीकडे जाईल.

पलंगाखाली, उशीखाली आणि नातेवाइकांच्या पिशवीत काय आहे? आपल्याकडे हमखास सापडणाऱ्या वस्तू ठरलेल्या: अडकित्ता, फळं कापायची सुरी, काडेपेटी, स्टीलचा जड डबा, चार्जरची लांब वायर, काचेची औषधाची बाटली. अडकित्ता तर शस्त्र म्हणून कुणाच्या मनातही येत नाही. या वस्तू हिसकावून घेऊ नका. पिशवीत घालून वर नाव लिहा, नातेवाइकाची सही घ्या, स्टेशनच्या कपाटात ठेवा. सही घेतलेली वस्तू परत मागायला माणूस शांतपणे येतो.

सुटे सलाईन स्टँड वापर नसेल तर खोलीबाहेर. उन्हाळ्यात कूलरची वायर जमिनीवरून जात असेल तर भिंतीला चिकटवून घ्या. बाथरूमची कडी बाहेरून उघडता येते का ते स्वतः पाहा. नर्सिंग स्टेशनच्या टेबलाची अशी मांडणी करा की बसल्यावर दार तुमच्या पाठीमागे किंवा बाजूला असेल आणि पेशंटची खुर्ची तुमच्या व दाराच्या मध्ये येणार नाही. तसंच पेशंटलाही कोपऱ्यात अडकल्यासारखं वाटता कामा नये. त्यालाही बाहेर जायची वाट दिसली पाहिजे.

मदतीची खूण ठरवा. बेल असेल तर ती वाजते का पाहा. नसेल तर शिट्टी चालते. मोबाइलवर अवलंबून राहू नका. गळा धरलेला असताना कुणी नंबर लावत नाही. महिन्यातून एकदा खोटी बेल वाजवा आणि गार्ड किती वेळात पोहोचतो ते घड्याळावर मोजून वहीत लिहा. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर तो आकडा घेऊन अधीक्षकांकडे जा. "सुरक्षा अपुरी आहे" या वाक्याला उत्तर मिळत नाही. "तीनही वेळा चार मिनिटं लागली" या वाक्याला मिळतं.

४. बिथरला आहे, पण आधी शरीर बघा

मानसोपचार वॉर्डात दाखल आहे म्हणजे प्रत्येक आरडाओरडा मनाचाच, हा समज जीव घेतो. आवाज वाढताना दिसला की जमेल तेवढं लांबूनच पाहा आणि तो जवळ येऊ देईल तेव्हा मोजा: साखर, ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन. डोक्याला मार आहे का? लघवी कधी झाली? म्हातारा माणूस तुंबलेल्या लघवीनंही अंगावर येतो.

काही गोष्टी इकडे विशेष लक्षात ठेवायच्या.

*कीटकनाशक पिऊन आलेला पेशंट.* कापसाच्या पट्ट्यात असे पेशंट मेडिसिन वॉर्डात नेहमीचे. त्यांना अ‍ॅट्रोपिन चालू असतं. ते जास्त झालं की बाहुल्या मोठ्या, अंग कोरडं, ताप, आणि पेशंट हवेतल्या वस्तू पकडतो, चादर ओढतो, अंगावर येतो. इथे प्रोमेथाझिन दिलं तर त्रास वाढतो, कारण त्याचा परिणाम त्याच दिशेचा. अ‍ॅट्रोपिनचा वेग डॉक्टरना दाखवा.

*मे महिना.* जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि वॉर्डाचा पंखा गरम हवाच फिरवतो. मानसोपचाराच्या अनेक औषधांनी घाम कमी येतो. लिथियम घेणारा पेशंट पाणी कमी प्यायला तर रक्तातलं लिथियम वाढतं: उलट्या, मोठी थरथर, अडखळतं बोलणं, झोकांड्या, मग गोंधळ. याला "दारू प्यायल्यासारखा करतोय" म्हणून डावललं जातं. अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरचं औषध) चालू असताना जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम आणि शुद्ध हरपणं दिसलं तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरना तत्काळ बोलवा. तो उष्माघात असेल किंवा एनएमएस (याच औषधांची जीवघेणी प्रतिक्रिया, न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम). दोन्हींत वाट पाहायला वेळ नसतो.

*येरझाऱ्या.* हॅलोपेरिडॉल हे अँटिसायकोटिक सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत पेशंट बसूच शकत नाही, पाय हलवत राहतो, "आत कसंतरी होतंय" म्हणतो. हा अकॅथिसिया. बिथरणं समजून आणखी हॅलोपेरिडॉल दिलं की अस्वस्थता वाढते, आणि मग खरोखरच हात उठतो. चार्टवर "अस्वस्थ" एवढंच लिहू नका. "बसवत नाही, पाय हलवतो, डोसनंतर इतक्या तासांनी सुरू" असं लिहा. डॉक्टरचा निर्णय त्या एका ओळीवर बदलतो.

५. बोलणं: एकच माणूस, दोन हात अंतर

या टप्प्याला पाच-दहा मिनिटं द्या. वाया गेली असं वाटेल, पण पकडापकडी, इंजेक्शन, बांधणं आणि त्यानंतरचे कागद यांत दोन तास जातात.

बोलणारा एकच. बाकीचे दिसतील एवढ्या अंतरावर, पण गप्प. मागून वॉर्डबॉय मामा "काय रे, ऐकत नाही का" म्हणाले की तुमची पाच मिनिटं शून्यावर आली.

दोन हात अंतर ठेवा. छातीसमोर छाती नको, थोडं तिरपं उभं राहा. हात मोकळे आणि कमरेच्या वर, दिसतील असे. मागे बांधलेले नको, खिशात नको. डोळ्यांत रोखून पाहू नका. पाठ फिरवू नका, अगदी शांत झाल्यासारखा वाटला तरी. मागे मागे सरका.

वाक्य छोटं. एका वेळी एकच गोष्ट. नावानं हाक मारा. वय आणि माणूस पाहून दादा, आप्पा, नाना, ताई, आक्का म्हणा. पन्नाशीच्या शेतकऱ्याला "ए, बस खाली" म्हटलं की त्याच्यासाठी भांडण आजाराचं उरत नाही, इज्जतीचं होतं. पेशंट अहिराणी बोलत असेल आणि तुम्हाला येत असेल तर "काय व्हयनं भाऊ?", "आठे बठ" एवढंही पुरतं. येत नसेल तर तोडकीमोडकी बोलून दाखवू नका, ती चेष्टा वाटते. सातपुड्याकडून आलेल्या भिली किंवा पावरी बोलणाऱ्या पेशंटसाठी ती बोली येणारी मावशी, मामा किंवा स्टाफ कोणत्या पाळीला आहे ते आधीच लिहून ठेवा. सोबत आलेल्या लहान मुलाला दुभाषी बनवू नका.

"शांत व्हा" म्हणू नका. "तुम्हाला राग आलाय, तो कशाचा ते मला सांगा" असं म्हणा. भासांवर वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. "मला तो आवाज येत नाही, पण तुम्हाला त्रास होतोय हे दिसतंय" इथे थांबा. मग दोन पर्याय द्या, दोन्ही खरे: "इथे बसून पाणी घेता, की बाहेरच्या बाकावर?" औषधही असंच: "गोळी घेता की इंजेक्शन?" तोंडानं घेतलेली गोळी काम करत असेल तर सुईची गरज नाही. न पाळता येणारं वचन देऊ नका. "उद्या सोडतो" म्हणून आजची रात्र काढली तर उद्याच्या पाळीवरची सिस्टर मार खाते.

*सावध:* मुठी आवळणं, जबडा घट्ट होणं, बोलता बोलता एकदम गप्प होणं, नजर तुमच्यावरून दाराकडे किंवा एखाद्या वस्तूकडे जाणं. यांतलं काही दिसलं की बोलणं तिथेच थांबवा आणि बाहेर पडून बेल वाजवा.

६. अंगावर आला तर

पहिलं काम सुटणं, दुसरं बाकीच्या पेशंटना बाहेर काढणं. पकडणं तिसरं, तेही माणसं जमल्यावर.

मनगट धरलं तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं फिरवून सोडवा, कारण पकड तिथेच उघडी असते. केस धरले तर ओढू नका. तुमचे दोन्ही हात त्याच्या हातावर दाबून तो डोक्याशी घट्ट धरा आणि त्याच्या दिशेनं सरका. चावा घेतला तर हात मागे खेचू नका, मांस फाटतं; हात त्याच्या तोंडाकडे दाबा, जबडा उघडताच काढा. गळा धरला तर हनुवटी छातीला लावा आणि सुटेपर्यंत ओरडायची वाट पाहू नका, जमेल तो आवाज करा, पायानं स्टूल पाडलं तरी चालेल. हे वाचून येत नाही. एकमेकांवर, हळू वेगात, महिन्याला दहा मिनिटं सराव हवा.

धरायची वेळ आली तर पाच माणसं: चार हातापायांना, एक डोक्याशी. डोक्याशी असलेला माणूस पेशंटशी बोलत राहतो, श्वास पाहतो आणि सूचना तोच देतो. स्त्री पेशंट असेल तर धरणाऱ्यांत स्त्रिया हव्यातच. सांध्याच्या जवळ धरा, सांध्यावर नको.

*सावध:* पालथं पाडून पाठीवर बसणं, छाती किंवा मान दाबणं, तोंडावर उशी वा टॉवेल टाकणं यानं श्वास बंद पडून पेशंट दगावतो. "आता शांत झाला" असं वाटतं तेव्हाच नाडी पाहा.

पाच माणसं नसतील तर धरू नका. दार ओढून बाहेर थांबा आणि ११२ लावा. एकट्यानं धरून दाखवणं हे धाडस म्हणून वॉर्डात सांगितलं जातं, त्याचा त्रास नव्या मुलींना होतो.

७. इंजेक्शन आणि त्यानंतरचा तास

इंजेक्शन भरणारा वेगळा, धरणारे वेगळे. सिरिंज खोलीबाहेर भरा, झाकून आणा. सुईला परत टोपण लावू नका. सुईनं छिद्र न पडणारा शार्प डबा हाताच्या अंतरावर ठेवा. धरपकडीतली सुई टोचणं बहुतेक वेळा टोपण लावताना किंवा खाली ठेवलेल्या सिरिंजवर हात पडून होतं.

आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं जोड-इंजेक्शन म्हणजे हॅलोपेरिडॉल ५ ते १० मिग्रॅ आणि प्रोमेथाझिन २५ ते ५० मिग्रॅ, स्नायूत. नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं तर मान वाकडी होणं, जीभ बाहेर येणं याची भीती जास्त. लोराझेपाम २ ते ४ मिग्रॅ हा दुसरा पर्याय, आणि दारू थांबल्यामुळे बिथरलेल्याला पहिला. लोराझेपामची अँप्युल फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत. लाइट गेल्यावर फ्रीज बंद पडलेला असेल तर हे आधी तपासा. डायझेपाम स्नायूत देऊ नका, ते कधी किती शोषलं जाईल सांगता येत नाही. ओलान्झापिनचं इंजेक्शन आणि लोराझेपामचं इंजेक्शन एकत्र नको. श्वास आणि बीपी एकदम खाली येतात. दारुड्या पेशंटला ग्लुकोजच्या आधी थायमिन. म्हाताऱ्यांना डोस निम्मा किंवा त्याहून कमी, डॉक्टरना वय पुन्हा सांगा.

मग खरी नर्सिंग सुरू होते, आणि नेमकी इथेच सगळे चहाला जातात. पहिला तासभर दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, श्वासाची गती, ऑक्सिजन, ताप आणि हाक मारल्यावर प्रतिसाद. लिहून. कुशीवर झोपवा. श्वास मिनिटाला १० च्या खाली किंवा ऑक्सिजन ९२ च्या खाली गेला तर ऑक्सिजन लावून डॉक्टरना बोलवा.

८. बांधावंच लागलं तर: कायदा काय सांगतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९७. एकांतकोठडी पूर्ण बंद. बांधणं फक्त तेव्हा, जेव्हा तत्काळ होणारी इजा टाळायचा दुसरा मार्ग नाही, आणि तेही जबाबदार मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीनं. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही. "स्टाफ कमी होता" हे कारण तर कायद्यानं नाव घेऊन नाकारलं आहे. म्हणून केसपेपरवर ते वाक्य लिहू नका. पण खरोखर तेच कारण असेल तर बांधूही नका. तो प्रश्न लेखी वर पाठवा. साखळी कलम ९५ खाली वेगळी बंद आहे. घरून साखळीनं आलेल्या पेशंटची साखळी दारातच सोडवा.

बांधताना रुंद, मऊ पट्टे. सलाईनची नळी, गॉज बँडेजची दोरी, ओढणी चालत नाही. ताण आला की ती कातडीत रुतते. दोन बोटं आत जातील एवढं सैल. उताणं, डोक्याकडची बाजू थोडी वर. गाठ पलंगाच्या चौकटीला, वर-खाली होणाऱ्या कठड्याला नको.

दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग, ऊब आणि श्वास. दर दोन तासांनी एकेक हातपाय सोडून हलवा, पाणी द्या, लघवीला विचारा. सोडताना एकदम नाही: आधी एक हात, थोडं थांबून पाय, मग उरलेले.

नोंदीत चार गोष्टी हव्यातच: कशानं बांधलं, का, किती वाजता ते किती वाजेपर्यंत, आणि कुणाच्या आदेशानं. पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवायचं असतं. अशा सगळ्या घटनांचा अहवाल दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जातो, म्हणून बांधण्याची नोंदवही वेगळी ठेवा.

*तपासा:* फोनवरून आदेश घेतला असेल तर डॉक्टरचं नाव व वेळ लिहिली का? ते आल्यावर सही घेतली का?

९. मार लागल्यावर पहिले दोन तास

वॉर्ड दुसऱ्याच्या ताब्यात द्या. "पाळी संपू दे, मग दाखवते" ही या सगळ्यातली सर्वांत महाग चूक.

चावा किंवा ओरखडा वाहत्या पाण्याखाली साबणानं दहा मिनिटं तरी धुवा. सुई टोचली असेल तर तेच; दाबून रक्त काढू नका, स्पिरिट ओतू नका. डोळ्यात थुंकी किंवा रक्त गेलं तर आधी लेन्स तशीच ठेवून पाण्यानं धुवा, मग लेन्स काढा. रक्ताशी संबंध आला असेल तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं दोन तासांत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. सुरू केली तर कोर्स २८ दिवसांचा. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण आहे का आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते सांगा. माणसाचा चावा साधा दिसला तरी चिघळतो, विशेषतः बोटाच्या सांध्यावरचा. तो टाके घालून बंद करायची घाई नको.

डोक्याला मार असेल तर २४ तास एकट्यानं राहू नका; उलटी, वाढतं डोकं दुखणं किंवा झोप येत राहिली तर परत या. गरोदर सिस्टरच्या पोटावर मार बसला असेल तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

अपघात विभागात स्वतःच्या नावाचा केसपेपर काढा आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) नोंदवायला सांगा. सहकारी म्हणून ड्युटीवरचे डॉक्टर तोंडी गोळ्या देतील. कागद मागायला संकोच वाटतो. तरीही मागा. जखमेचं माप सेंटिमीटरमध्ये, जागा डावी-उजवीसह लिहून घ्या. फोटो जखमेचा काढा, पेशंटचा नाही. पेशंटचा व्हिडिओ वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकू नका. त्याची गोपनीयता मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंच जपली आहे आणि तुमचीच बाजू त्यानं कमजोर होते.

१०. कागद: कोणी मारलं त्यावर पुढचा रस्ता

घटनेचा अहवाल पाळी संपायच्या आत. वेळ, जागा, आधी काय घडलं, कोण काय बोललं (त्याच्याच शब्दांत), किती माणसं हजर होती, बेल कधी वाजवली, मदत कधी आली. "पेशंट हिंसक झाला" एवढ्यावर थांबू नका. "उजव्या हातानं स्टीलचा डबा डाव्या खांद्यावर मारला" असं लिहा. आवक क्रमांकासह एक प्रत स्वतःकडे ठेवा.

मारणारा *आजारी पेशंट* असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२ पाहा: मनोविकारामुळे आपण काय करतोय हे कळत नसलेल्या माणसाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. ते ठरवणं कोर्टाचं काम, तुमचं नाही. एमएलसी आणि अहवाल तरीही हवाच; उपचार, रजा, भरपाई सगळं त्यावर चालतं. स्वतःहून नशा करून आलेल्याला मात्र नशेची सबब मिळत नाही.

मारणारा *नातेवाईक किंवा बाहेरचा* असेल तर महाराष्ट्राचा २०१० चा वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसाचार प्रतिबंधाचा कायदा आहे. त्यात नर्स येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद व ५०,००० रुपयांपर्यंत दंड. मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई. पोलिसांना या कायद्याचं नाव आणि वर्ष सांगा, नाहीतर साधी अदखलपात्र नोंद हातात पडते. सरकारी कर्मचारी असाल तर न्याय संहितेचं कलम १३२ही लावायला सांगा.

तक्रार शक्यतो संस्थेच्या नावानं जाऊ द्या. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं केंद्रीय रुग्णालयांना अशी तक्रार सहा तासांच्या आत नोंदवायची जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकली. आपल्या अधीक्षकांकडे तोच दाखला देऊन मागणी करता येते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी तक्रार करता येते. संध्याकाळी नातेवाईक गावचे चार पुढारी घेऊन माफी मागायला येतात. ऐकून घ्या, पण कागद दाखल होण्याआधी कशावरही सही करू नका.

अंगचटीला येणं, अश्लील हावभाव हाही हिंसाचारच. कर्मचाऱ्याविरुद्ध असेल तर अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार. बाहेरचा माणूस असेल तर तुमची इच्छा असल्यास पोलीस कारवाई सुरू करून देणं हे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं मालकाचं कर्तव्य आहे. कंत्राटी सिस्टरांनी अहवालाची प्रत रुग्णालयाबरोबर कंत्राटदारालाही द्यावी आणि पोच घ्यावी. नंतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

११. दुसऱ्या दिवशी

७२ तासांच्या आत बैठक, अर्धा तास. "तू एकटी का गेलीस" हा पहिला प्रश्न नको. चार्ट उघडा: ब्रोसेटचा आकडा कधी वाढला, औषध कधी चुकलं, नकार कुणी दिला, बेलपासून मदतीपर्यंत किती मिनिटं गेली. निघालेला एक बदल तारीख आणि नावासह लिहा.

मार खाल्लेल्या सिस्टरला त्याच पेशंटची ड्युटी लगेच देऊ नका, पण तिला न विचारता वॉर्डही बदलू नका. तो बदल तिला शिक्षेसारखा वाटतो. झोप उडणं, दार वाजलं की दचकणं महिनाभर टिकलं तर उपचार हवेत. आपल्याच वॉर्डाच्या डॉक्टरांकडे जायला अवघड वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो.

पेशंट शुद्धीवर आल्यावर त्याच्याशी एकदा बसा, दुसऱ्या माणसाला सोबत घेऊन. त्याला काय आठवतं, कशानं भडका उडाला, पुढच्या वेळी आधी काय केलेलं चालेल हे विचारा. "मला घेरू नका, माझ्या भावाला बोलवा" असं काहीतरी बहुधा निघतंच. ते वाक्य केसपेपरच्या पहिल्या पानावर, लाल शाईनं, पुढच्या पाळीला दिसेल असं लिहा.